शंभर पावलांच्या पुढे

मराठी माणूस रात्रीच्या जेवणानंतर शंभर पावलं चालतो, म्हणून ती शतपावली. उर्दूत त्यालाच चहलकदमी म्हणतात, आणि फारसीत ‘चहल’ म्हणजे चाळीस. मधल्या साठ पावलांचं काय झालं, असं वर्गात मुलं विचारतात. बिर्याणी बघता हिशोब उलटा हवा होता, एवढंच सांगून मी वेळ मारून नेते.

दोन्ही शब्दांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. पावलं मोजलेली आहेत आणि कारण ठरलेलं आहे: अन्न पचावं. फाटकापर्यंत जायचं, वळायचं, घरी यायचं. न मोजता, कारणाशिवाय चालणाऱ्यासाठीही दोन्ही भाषांत शब्द आहेत, पण ते सगळे रागावलेले आहेत. मराठीत उंडारणं, हुंदडणं, भटकणं. उर्दूत मटरगश्ती, आवारगी. उर्दू शायरांनी आवारगीला थोडी इज्जत मिळवून दिली हे खरं. मजाज यांची ‘आवारा’ ही गाजलेली नज्म रात्रीच्या झगमगत्या शहरात एकट्यानं फिरणाऱ्या माणसाचीच आहे. पण ती इज्जत पुरुषाच्या वाट्याला आली. पुरुष भटकला तर तो फिरस्ता, मुसाफिर, कलंदर. बाई भटकली तर भटकभवानी. उर्दूत तिला काय म्हणतात ते या पानावर छापता येणार नाही.

मला आज या न मोजलेल्या चालण्याबद्दल लिहायचं आहे. मोठ्या शहरात, रात्री, आणि हळू. रमजानच्या पानावर हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण असं की हा एक महिना घड्याळ फिरवतो. दिवसा लोक थकलेले असतात, आणि रात्री तरावीहची नमाज आटोपली की जागे होतात. जे शहर अकरा महिने रात्री दहानंतर ‘कुठं निघालात?’ असं विचारतं, ते या महिन्यात काही गल्ल्यांपुरतं विचारायचं थांबवतं. माझ्या ओळखीचं असं शहर मुंबई आहे. माझी खाला डोंगरीत राहते, आणि दरवर्षी रमजानमधले तीन-चार दिवस मी तिच्याकडे असते.

खाण्याबद्दल मी लिहिणार नाही, हे आधीच सांगते. रमजान आला की मोहम्मद अली रोडवर फोटोग्राफर पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी कबाबांचे फोटो छापून येतात. गेली वीस वर्षं मी तेच फोटो बघते आहे. कढईसुद्धा बहुधा तीच असावी. त्या कढईपर्यंत लोक कसे पोहोचतात आणि तिथून पुढं कुठं जातात, याकडे कॅमेरा वळत नाही.

चालायला सुरुवात करावी ती सीएसएमटीपासून, रात्री अकराच्या सुमारास. माझ्या पिढीचे लोक अजून व्हीटीच म्हणतात. स्टेशनाच्या इमारतीवर दिव्यांचे रंग बदलत असतात, समोर महापालिकेची इमारत. दिवसा या चौकात उभं राहून वर बघितलं तर मागचा माणूस धक्का देऊन जातो. मुंबईत दिवसा आपण चालत नाही, लोट आपल्याला नेतो. रात्री अकराला मात्र मान वर करून पाच मिनिटं उभं राहता येतं. पुढं अंजुमन-ए-इस्लामची जुनी शाळा लागते. ही संस्था १८७४ सालची. त्यापुढं जे. जे. कला महाविद्यालयाचं आवार, आणि मग क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. ही इमारत १८६९ मध्ये उभी राहिली. दारावरच्या दगडी शिल्पांत शेतकरी आणि बाजारातली माणसं कोरलेली आहेत, ती लॉकवूड किपलिंग यांच्या कल्पनेतली. रडयार्ड किपलिंगचे हे वडील तेव्हा जे. जे. मध्ये शिकवायला होते. दिवसा त्या शिल्पांखालून हजारो लोक पिशव्या घेऊन जातात आणि कोणी वर बघत नाही. रात्री मंडई बंद असते, दारापाशी हमाल हातगाड्यांवर आडवे झालेले असतात. तेव्हा लक्षात येतं की वरच्या दगडातली माणसं आणि खाली झोपलेली माणसं एकाच धंद्यातली आहेत.

मंडईच्या पुढं रस्ता दोन मजली होतो. वर जे. जे. उड्डाणपूल, २००२ मध्ये सुरू झालेला, सुमारे अडीच किलोमीटर लांब. त्याचं अधिकृत नाव माहीमचे सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांच्यावरून ठेवलेलं आहे, पण ते रिक्षावाल्यालाही माहीत नसतं. (दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, म्हणून टॅक्सीवाल्यालाही म्हणा.) पुलावरून गाडी चार मिनिटांत पार होते. वाटेत दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्या इतक्या जवळून जातात की कोणाच्या घरातला पंखा दिसतो, पण माणूस दिसायच्या आत पुढची खिडकी येते. खालून तेवढंच अंतर चालायला रमजानच्या रात्री दीड तास लागतो, आणि मध्ये कोणी ओळखीचं भेटलं तर दोन.

या दीड तासाची मजा समजावून सांगणं अवघड आहे. पहिली गोष्ट म्हणजे इथं घाई करताच येत नाही. पुढं एक आजी दोन नातवंडांना धरून चाललेली असते, तिच्यापुढं बुरख्यातल्या चार मुली ओढण्यांचे भाव करत थांबलेल्या असतात, त्यांच्यापुढं फळांची गाडी आडवी. आपली चाल आपण ठरवत नाही, ती सगळ्यांची मिळून ठरते. सुरुवातीची दहा मिनिटं चिडचिड होते. मग खांदे सैल होतात. मग नाक काम करायला लागतं: खजुरांची खोकी, ओला पुठ्ठा, अत्तराच्या दुकानातला ऊद, आणि कुठूनतरी पावाच्या भट्टीचा धूर. मग डोळे पाट्या वाचायला लागतात. मला दोन लिप्या येतात, त्यामुळे माझं काम दुप्पट होतं. एकाच दुकानाची उर्दू पाटी आणि मराठी पाटी बऱ्याचदा वेगवेगळं सांगतात. उर्दूत मालकाच्या वडिलांचं नाव असतं, मराठीत फक्त धंद्याचं. दोन्ही वाचल्याशिवाय दुकान पूर्ण कळत नाही.

नावं वाचत चालायला हा भाग फार चांगला आहे. पायधुनी घ्या. मुंबई बेटांची होती आणि मध्ये खाडीचं पाणी शिरायचं, तेव्हा ते ओलांडून आल्यावर लोक इथं पाय धूत, म्हणून पायधुनी, असं सांगतात. मुंबईत चालणाऱ्याच्या पायांवरून नाव पडलेली ही जागा, आणि आज तिथं पाय ठेवायला फुटपाथ शोधावा लागतो. जवळच गोडीजींचं जैन मंदिर आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. थोडं पूर्वेला गेलं की सॅम्युएल स्ट्रीट. तिथं १७९६ सालचं ‘शार हारहमीम’ हे बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. कोकणातून आलेले हे मराठी बोलणारे ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि जवळच्या लोकल स्टेशनाला ‘मसजिद’ हे नाव त्यावरूनच पडलं असं मानलं जातं. मुसलमानांच्या एवढ्या मशिदी आसपास असताना स्टेशनाचं नाव पडावं ते ज्यूंच्या मशिदीवरून! खालाला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, “चला, नमाज कोणाचीही असो, गाडी तर थांबते ना.”

ऋतूंचंही असंच. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मी हा रस्ता मे महिन्यात चालले आहे, तेव्हा डांबर रात्री बारालाही गरम होतं. जुलैत चालले आहे, तेव्हा ताडपत्र्यांवरून पाणी कॉलरमध्ये पडत होतं आणि सेवयांचे ढीग प्लॅस्टिकखाली झाकलेले होते. आता तो फेब्रुवारी-मार्चकडे आला आहे. चालण्यासाठी यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

मिनारा मशिदीपाशी गर्दी सर्वांत दाट. तिथं मी थांबत नाही, पुढं भेंडीबाजाराकडे सरकते. या बाजाराचा रात्रीशी जुना संबंध आहे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८६५ च्या ऑक्टोबरात, आणि ज्या मोजक्या रस्त्यांवर लागले त्यांत भेंडीबाजार होता. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई, आणि बघ्यांची गर्दी अवाक होऊन त्याच्या मागं मागं चालत असे, अशी नोंद आहे. मुंबईतला उगाच चालणाऱ्यांचा पहिला मोठा घोळका बहुधा हाच असावा. कोणाला कुठं जायचं नव्हतं. पुढचा दिवा लागताना बघायचा होता.

त्यानंतर काही वर्षांनी मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ याच भागात राहिले, आणि त्यांच्या गाण्याला भेंडीबाजार घराणं हे नाव मिळालं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. या घराण्याची ओळख काय, तर खुला आकार आणि दमसास, म्हणजे एका श्वासात लांबवत नेलेली संथ आलापी. ज्या बाजारात दिवसा दोन शब्द एकमेकांना ऐकू जात नाहीत तिथं असं विलंबित गाणं का रुजलं असेल? गाण्याचे जाणकार काय सांगतील ते सांगोत. मला वाटतं, त्यांचा रियाज रात्रीचा असणार.

आज त्या भेंडीबाजारातल्या बऱ्याच गल्ल्या उरलेल्या नाहीत. साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून तिथं उंच इमारती बांधायचं काम गेली काही वर्षं चाललं आहे. मला त्याबद्दल रडगाणं गायचं नाही. लाकडी खांबांच्या त्या चाळी जीवघेण्या झाल्या होत्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांतलीच एक इमारत सकाळी कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. ज्यांना त्यांत राहावं लागत नाही, त्यांनी जुन्या चाळींच्या सौंदर्यावर लेख लिहू नयेत. पण चालणारी म्हणून एक फरक मला जाणवतो. गल्लीत ओटे होते. ओट्यावर बसलेला म्हातारा रात्री एकलाही सलाम घ्यायचा. नव्या इमारतीला प्रवेशद्वार असतं, सुरक्षारक्षक असतो, आणि तो सलाम घेण्याऐवजी नाव विचारतो.

दीडनंतर शहर बदलतं. शेवटच्या लोकल गेलेल्या असतात आणि पहिली यायला चार तरी वाजतात. मुंबईची खरी रात्र एवढीच, अडीच-तीन तासांची. जे. जे. रुग्णालयाच्या पुढं भायखळ्याकडे गर्दी विरळ होत जाते आणि आपल्या चपलांचा आवाज आपल्याला ऐकू यायला लागतो. वरच्या मजल्यांवर शिलाई यंत्रं चालू असतात, कारण ईदचे कपडे ईदच्या आत द्यायचे असतात. बेकरीत पिठाच्या परातीभोवती चार मुलं उघड्या अंगानं उभी असतात. आणि फुटपाथवर माणसं झोपलेली असतात, डोक्यावरून चादर ओढून, पायांशी चपला बांधून. इथं चाल आपोआप हळू होते, कारण कोणाची झोप मोडू नये असं वाटतं.

लंडनला झोप येत नव्हती म्हणून चार्ल्स डिकन्स रात्र-रात्र चालत असे. १८६० मध्ये त्यानं त्यावर ‘नाइट वॉक्स’ हा निबंध लिहिला. घर असलेला हा माणूस रात्री चालून बेघरांचं जग बघून आला. आमच्या घरांत मुलांना हजरत उमर यांची गोष्ट सांगतात. खलिफा असताना ते मदिनेत रात्री गस्त घालत. एकदा एक बाई चुलीवर नुसतंच पाणी उकळत ठेवून भुकेल्या मुलांना झोपवताना त्यांना दिसली. ते परतले आणि पिठाचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन आले. मराठी गोष्टींतही वेश बदलून रात्री नगरात फिरणारा राजा असतोच. लहानपणी या गोष्टी ऐकताना एक शंका माझ्या मनात आली नव्हती, ती आता येते. गोष्टीत रात्री चालायची मुभा आहे ती राजाला, चोराला, पहारेकऱ्याला आणि फकिराला. ती चुलीपाशी बसलेली बाई कधी उठून रस्त्यावर आली का?

व्हर्जिनिया वुल्फ यांचा ‘स्ट्रीट हॉन्टिंग’ हा निबंध मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते. हिवाळ्यातल्या संध्याकाळी लंडनभर चालायची इच्छा झालेली बाई त्यासाठी कारण काढते: पेन्सिल विकत आणायची आहे. एवढी मोठी लेखिका, स्वतःच्या शहरात, आणि घराबाहेर पडायला पेन्सिलीचं निमित्त! दरवर्षी वर्गात मुलं यावर हसतात. मुली हसत नाहीत. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा हाच आहे की बाईला सार्वजनिक जागेत सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. हातात पिशवी हवी, कानाला फोन हवा, चाल भरभर हवी. उगाच उभं राहण्याचा हक्क तिला कोणी दिलेला नाही, आणि तो तिला हवा आहे.

आता रात्री एक वाजताचा मोहम्मद अली रोड पुन्हा डोळ्यांसमोर आणा. कडेवर मुलं घेतलेल्या बायका. चाकाच्या खुर्चीतली दादी. गिरगावातून आलेलं मराठी कुटुंब, सासूबाई नऊवारीत. उपनगरातून आलेल्या कॉलेजच्या मुली, पाठीला सॅक. सगळ्याजणींच्या हातात पेन्सिल आहे: मालपुवा, बांगड्या, फिरनी, ईदची ओढणी. रात्री एकला इतक्या बायका इतक्या हळू चालताना मी मुंबईत दुसरीकडे फार थोड्या वेळा पाहिल्या आहेत. लालबागचे गणपती बघायला त्या रात्रभर रांगेत असतात. नवरात्रात असतात. सोमवारी रात्री उपनगरांतून सिद्धिविनायकाकडे अनवाणी चालत निघतात. आपल्याकडेही कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर पायी जाणाऱ्यांत बायका कमी नसतात. यादी नीट बघितली तर एक गोष्ट दिसते, आणि ती मला बोचते. रात्री रस्त्यावर यायला आपल्याकडे बाईला देवाचं किंवा अल्लाहचं निमित्त लागतं. एवढं मोठं निमित्त असेल तरच घरचे दार उघडतात. पेन्सिलीवर भागत नाही.

हे नोंदवताना मी त्या गर्दीला फरिश्त्यांची जमात ठरवत नाही. खिसे कापले जातात, मोबाइल जातात. माझी मामेबहीण दाट गर्दीत दोन्ही कोपरं बाहेर काढून चालते, आणि त्याचं कारण इथं वाचणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तरीही ती दरवर्षी येते. का येते असं विचारलं तर म्हणते, इथं ओरडलं तर दहा दुकानदार बघतील. रस्ता सुरक्षित होतो तो असा. दुकानाचा दिवा, गाडीवाल्याची नजर, ओट्यावरची म्हातारी. फेरीवाला हटवला की फुटपाथ मोकळा होतो आणि बाई तिथून नाहीशी होते, हे नगररचनेच्या बैठकांत कोणी बोलत नाही.

निमित्त फक्त बायकांनाच लागतं असंही नाही. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत दुसऱ्या पाळीत काम करतो. कामावरून सुटल्यावर दोन स्टेशनं चालत जायला त्याला आवडतं. एका वर्षात तीनदा त्याची पिशवी उघडून पाहिली गेली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये १२२ वं कलम आहे: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद परिस्थितीत सापडणं. कलम नीट वाचलं तर ते हत्यार बाळगणारे, गुन्ह्याच्या इराद्यानं तोंड झाकलेले, घरफोडीची अवजारं जवळ असलेले, आणि रस्त्यात रेंगाळण्याचा समाधानकारक खुलासा देऊ न शकणारे नावाजलेले चोर अशांसाठी आहे. साध्या माणसाचं उगाच चालणं त्यात कुठंही गुन्हा म्हटलेलं नाही. पण रस्त्यावर त्या ‘समाधानकारक खुलाशा’चं रूपांतर तीन प्रश्नांत होतं: कुठून आलास, कुठं निघालास, काय काम? ‘काही नाही साहेब, रात्र बरी वाटते म्हणून चाललोय,’ हा खुलासा कोणत्याच चौकीत चालत नाही. नाव विचारल्यावर प्रश्नांची संख्या वाढते की कमी होते, हे नावावर अवलंबून असतं. तो मुलगा आता कंपनीचं ओळखपत्र शर्टाबाहेर काढून चालतो.

सरकारनंही रात्रीचा विचार केलेला आहे. २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यानं चोवीस तास दुकानं उघडी ठेवायची वाट मोकळी केली, आणि २०२० च्या जानेवारीत मुंबईत मॉल आणि खाण्याची ठिकाणं रात्रभर चालू ठेवायचा निर्णय झाला. मला त्यात काही वावगं वाटत नाही. रोजगार मिळतो, दिवे जळतात. पण ती रात्र खरेदी करणाऱ्याची आहे. तिथं आत जायला गाडी आणि पाकीट लागतं. रात्री चालणाऱ्याला लागणाऱ्या वस्तू फार स्वस्त आहेत: सलग फुटपाथ, न फुटलेला दिवा, टेकायला बाक, आणि बाईसाठी उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह. शेवटच्या गोष्टीसाठी मुंबईतल्या बायकांना ‘राईट टू पी’ या नावानं चळवळ चालवावी लागली, यावरून अंदाज करा. खालाकडे वर्षभर न फिरकणाऱ्या नात्यातल्या बायका रमजानमध्ये रात्री बाराला भेटायला येतात. घाईघाईत सलाम करतात आणि थेट मोरीकडे वळतात. खाला त्यांना काही विचारत नाही. पाण्याची बादली भरून ठेवते.

आपल्या गावात असं काही नाही, असं वाचक म्हणतील. रात्री चालायला आपलं गाव मुंबई थोडंच आहे? अंतर लहान आहे, हे खरं. पण बसस्थानकापासून तळ्यापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा असूनही नऊनंतर त्यावर बाई दिसत नाही. दिसलीच तर स्कूटीवर, वेगात. आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये बायका या मशिदीपासून त्या दुकानापर्यंत रात्री अकराला जातात. ईदचा चाँद दिसला की दुसऱ्या रात्रीपासून दारं पुन्हा नऊला बंद. पलीकडच्या आळीत नवरात्र संपलं की हेच होतं. दोन्ही आळ्यांतल्या बायकांना हे चांगलं माहीत आहे. फक्त एकमेकींशी बोलायची वेळ रात्रीची असते, आणि तेव्हा त्या आपापल्या घरात असतात. पालिकेच्या अर्थसंकल्पावर चर्चा सुरू होण्याआधी तळ्याकाठच्या बंद दिव्यांची आणि कुलूप लावलेल्या महिला स्वच्छतागृहाची यादी कोणी दिली, तर तिच्यावर सही करायला मी तयार आहे.

ज्यांना या महिन्यात मुंबईला जाऊन चालायचं आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत पाऊल उचलत नाही. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. मसजिद स्टेशनला उतरलात तर जवळ पडतं, पण व्हीटीला उतरून चालत या. चप्पल सपाट घाला, सोनं घालू नका. मशिदीपाशी फोटो काढायचा असेल तर नमाज संपू द्या. भेंडीबाजारापर्यंत गेल्यावर परत फिरायची घाई नको. सहरीच्या वेळी हॉटेलांत नवी फळी चढते, आणि तेव्हा मिळणारा चहा रात्रीतला सर्वांत ताजा असतो. पहिली लोकल चारनंतर मिळते आणि तिच्यात बसायला जागा असते.